सौंदर्यव्यवसाय आणि नकाराचा अधिकार

कासू हे नाव शहरी वाचकाच्या कानावर पडते ते बहुधा मुंबई-गोवा महामार्गाच्या रखडलेल्या कामामुळे. पळस्पे ते कासू आणि कासू ते इंदापूर अशा टप्प्यांच्या बातम्यांतून ते वर्षानुवर्षे डोकावत राहिले. रेल्वेच्या नकाशावर ते पेण आणि नागोठणे यांच्यामधले छोटे स्थानक. भोवती भातशेती, एका अंगाला डोलवीचा पोलाद कारखाना, तर दुसरीकडे नागोठण्याचे पेट्रोकेमिकल संकुल. या कारखान्यांनी परिसरातील पुरुषांना थोडाफार रोजगार दिला, पण मुलींसाठी त्यांचे दरवाजे फारसे उघडले नाहीत. दहावी-बारावी झालेल्या मुलीपुढे मग शिवणकाम, नर्सिंग, पेण किंवा पनवेलच्या दुकानातील नोकरी आणि ब्युटी पार्लर असे मोजकेच पर्याय उरतात. त्यातला शेवटचा पर्याय दिसायला सर्वांत सोपा. घरच्यांची संमतीही त्याला चटकन मिळते.

ती मिळते याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. या व्यवसायात गिऱ्हाईक बाईच, काम चार भिंतींआड आणि भांडवल बेताचे. शिवाय रायगडात लग्नाच्या हंगामात मागणीला तोटा नसतो. आगरी समाजात हळदीचा थाट लग्नाइतकाच, किंबहुना काकणभर अधिकच. या लग्नघरात पूर्वीपासून मान असतो तो धवलारणीचा. धवले गात लग्नाचे विधी पार पाडणाऱ्या या स्त्रीला बोलावणे धाडावे लागते, कारण तिच्यावाचून कार्य पुढे सरकत नाही. आज त्याच घरात नवरीचा मेकअप करणारी तरुणीही दाखल झाली आहे. पैसा तिला कदाचित धवलारणीहून अधिक मिळत असेल. तिच्या शब्दाला तेवढे वजन आहे का, हा मात्र वेगळा प्रश्न आहे. सौंदर्यव्यवसायाकडे तात्पुरता आधार म्हणून पाहायचे की आयुष्याची कारकीर्द म्हणून, याचा निर्णय बव्हंशी याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. केस कापण्याचे काम येथे शतकानुशतके जातीने वाटून दिलेले होते. बारा बलुतेदारांपैकी एक असलेल्या नाभिकाला सुगीच्या वेळी धान्य मिळे. कोणाची हजामत करायची आणि कोणाची नाही, हे ठरवण्याची मुभा त्याला नव्हती. विधवांचे केशवपन हे त्यातले सर्वांत क्रूर काम. १८९० च्या सुमारास सत्यशोधक कार्यकर्ते आणि कामगार चळवळीचे अध्वर्यू नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिक एकत्र आले आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही असे त्यांनी ठरवले. सुधारकांचे लेख आणि व्याख्याने आपल्या जागी होतीच. पण ज्याच्या हातात वस्तरा होता त्यानेच तो खाली ठेवला, याचे मोल निराळे होते. बलुतेदारीने राबवलेला माणूस त्या क्षणी स्वतःच्या कसबाचा धनी झाला. शाळेच्या पुस्तकांत या घटनेला मिळायला हवी होती तेवढी जागा मिळालेली नाही, हे जाता जाता नोंदवायला हवे.

स्त्रियांसाठी हीच लढाई मुंबईच्या चित्रपटसृष्टीत शंभरहून अधिक वर्षांनी लढली गेली, आणि तीही उलट्या बाजूने. तेथे अर्धशतकाहून अधिक काळ एक अजब नियम रूढ होता. रंगभूषाकार पुरुषच असेल; स्त्रीने केशभूषेपुरते मर्यादित राहावे. परदेशात रंगभूषेचे रीतसर शिक्षण घेतलेल्या चारू खुराना यांना सिने कॉस्च्युम मेकअप आर्टिस्ट अँड हेअर ड्रेसर्स असोसिएशनने रंगभूषाकार म्हणून सदस्यत्व नाकारले. पुरुष सदस्यांचा रोजगार बुडू नये, असा संघटनेचा युक्तिवाद होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्यायमूर्ती दीपक मिश्रा आणि न्यायमूर्ती उदय लळित यांच्या खंडपीठाने ही अट घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्रात पाच वर्षांचे वास्तव्य असल्याशिवाय सदस्यत्व नाही, हा नियमही त्याच निकालात गळून पडला. चारू खुराना यांच्या कौशल्याबद्दल वाद कोणी घातलाच नव्हता. खुर्चीशेजारी ब्रश घेऊन उभे राहण्याची परवानगी कोणी द्यायची, एवढाच तो वाद होता. सौंदर्यव्यवसाय हे ‘बायकांचे काम’ असे मानणाऱ्या समाजात त्यातला सर्वांत प्रतिष्ठेचा आणि पैशाचा भाग पुरुषांसाठी राखून ठेवला गेला होता, ही विसंगतीही त्यातून उघड झाली.

दार उघडले तरी आतली जबाबदारी काय, हे अकोल्याच्या प्रकरणाने दाखवून दिले. तेथील एका कुटुंबातील तिघी मायलेकींना मूत्रपिंडाचा विकार जडल्याचे २०२३ च्या सुरुवातीला प्रकाशात आले. तिघींनी वापरलेली त्वचा उजळवणारी क्रीम स्थानिक ब्युटीशियनकडून घेतलेली होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी मूळ शोधले तेव्हा संशयाची सुई पाऱ्याकडे वळली आणि क्रीममध्ये तो मर्यादेहून कितीतरी अधिक निघाला. डोळ्यांची प्रसाधने वगळता अन्य सौंदर्यप्रसाधनांत अनवधानाने येणारा पारा दहा लाखांत एक भागापेक्षा अधिक असू नये, असे देशाचे २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम सांगतात. पारा त्वचेतील मेलॅनिनची निर्मिती रोखतो, त्यामुळे उजळपणा खरोखरच दिसतो आणि गिऱ्हाईक खूश होते. दुष्परिणाम मागाहून आणि मूत्रपिंडात दिसतात. ब्युटीशियनला डबीतले रसायन ठाऊक असेलच असे नाही. मात्र डबीवर उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक आणि वापराची मुदत छापलेली आहे की नाही, हे पाहण्यासाठी रसायनशास्त्राची पदवी लागत नाही.

तेव्हा या पेशाचा अर्थ केवळ हातातल्या कसबात नाही. ‘हे मी लावणार नाही’ असे म्हणता येणे हाही त्याचा भाग आहे. पण असे म्हणण्याची ऐपत कोणाकडे आहे? शहरातील मोठ्या सलूनमध्ये पगारावर काम करणारी मुलगी मालकाने आणलेले उत्पादन नाकारू शकत नाही. मोबाइल अ‍ॅपवरून घरोघरी सेवा देणारीची अवस्था आणखी बिकट, कारण तिचे पुढचे काम गिऱ्हाईकाने दिलेल्या ताऱ्यांवर ठरते. ऑक्टोबर २०२१ मध्ये अर्बन कंपनीशी संलग्न महिलांनी गुरुग्राममध्ये कंपनीच्या कार्यालयासमोर कमिशन आणि कामाच्या अटींविरोधात निदर्शने केली. डिसेंबरमध्ये पुन्हा आंदोलन झाले तेव्हा कंपनी आंदोलक महिलांविरुद्ध न्यायालयात गेली. या महिलांना कर्मचारी म्हणायचे नाही, तर ‘भागीदार’. आणि भागीदाराने अटींबद्दल तोंड उघडले की दावा.

कायद्याची छत्री आहे, पण ती तोकडी आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना नोंदणीतून मोकळे केले. त्यांना केवळ माहिती कळवावी लागते. बहुतेक पार्लरे या आकड्याच्या खालीच येतात. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. अ‍ॅप चालवणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कामगारांच्या निधीत द्यावी, अशी तरतूद तिच्यात आहे. दोन खुर्च्यांच्या पार्लरमध्ये पगारावर राबणारी त्या तरतुदीच्या कक्षेत येत नाही. सलून सेवांवरील जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, त्याचे मोठे कौतुक झाले. पण सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्यांना नोंदणीच लागत नाही. गावातल्या पार्लरपर्यंत तो कौतुकाचा विषय पोहोचलाच नाही.

स्वतःची खुर्ची मांडणाऱ्यांसाठी मुद्रा योजनेचे कर्ज आहे. २०१५ साली सुरू झालेल्या या योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळते आणि ब्युटी पार्लर हा व्यवसाय तिच्या कक्षेत आहे. एक खुर्ची, आरसा, वाफेचे यंत्र आणि सुरुवातीचे सामान यांची सोय त्यात होऊ शकते. पनवेलच्या भाड्यापुढे ही रक्कम क्षुल्लक वाटेल. कासूसारख्या ठिकाणी घराच्या ओटीवर सुरुवात करणारीला मात्र ती पुरी पडू शकते. स्वस्त जागा हे गावाचे बलस्थान आहे, आणि शहराकडे धावण्याच्या नादात त्याचा हिशेब क्वचितच मांडला जातो.

दुसरा हिशेब शिक्षणाचा. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम दहावी उत्तीर्ण मुलींना उपलब्ध आहे. तेथे त्वचेची रचना, निर्जंतुकीकरण, रसायनांचे परिणाम हे विषय येतात. खासगी क्लास हेच काम काही आठवड्यांत उरकतात आणि भर नवरीच्या मेकअपवर देतात, कारण पैसा तेथे लवकर दिसतो. घरची निकड पाहता मुलीने छोटा मार्ग निवडला तर तिला दोष देणे अवघड आहे. वर्षभर कमाईविना शिकायचे तर वर्षभराचा प्रवास आणि जेवणखर्च कोणी सोसायचा? विद्यावेतनाचा विचार व्हायला हवा तो येथे. नाहीतर हळदीच्या आदल्या दिवशी नवरीची आत्या कुठूनशी आणलेली बिनछापाची डबी पुढे करील, तेव्हा तिच्यातले काय ओळखायचे हे त्या मुलीला कोणी शिकवलेलेच नसेल. आणि हंगामातले ते एक काम हातचे जाऊ द्यायचे की नाही, हे तिला उभ्या उभ्या ठरवावे लागेल.