पाय घसरला, पण चूक कुणाची?

आता तालुक्याच्या गावातही दवाखाने, लॉज, कापडाची दुकानं चकचकीत टाइल्सची झाली आहेत. दिसायला छान, पण फरशी नुकतीच पुसलेली असली, की चालणं म्हणजे कसरतच! एखादी बाई पडली, की सगळे म्हणतात, ‘बघून चालायचं ना!’ तीही बिचारी लाजून साडी सावरत उठते. नाहीतर पोछा मारणाऱ्या मावशींवर आरडाओरडा होतो. मालक मात्र नामानिराळा!

मैत्रिणींनो, कायदा असं म्हणत नाही. ग्राहकाला आपल्या जागेत बोलावणाऱ्याने ती जागा सुरक्षित ठेवण्याची वाजवी काळजी घ्यायलाच हवी. सांडलेलं पाणी लगेच पुसणं, ओल्या जागी पाटी ठेवणं, दाराशी पायपुसणं टाकणं ही ती काळजी. कामाच्या वेळी नोकराकडून हयगय झाली, तरी भरपाईची जबाबदारी मालकावर येते.

अर्थात, फरशी ओली होती एवढ्यानं भागत नाही. काळजी घेतली गेली नाही, हे दाखवावं लागतं. समोर पाटी असताना आपण मोबाइलवर बोलत गेलो असू, तर भरपाई कमी होऊ शकते.

म्हणून तिथल्या तिथे फोटो काढा, पाहणाऱ्यांची नावं लिहून घ्या, बिल आणि डॉक्टरांचे कागद जपा, मालकाला लेखी कळवा. पैसे मोजून सेवा घेतली असेल, तर जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. वकील हवाच असं नाही. माहितीसाठी १९१५ ही हेल्पलाइन आहे.

‘मी घरीच असते, माझं कसलं नुकसान?’ असं मात्र म्हणू नका. जमशेदपूरच्या १९८९ च्या आगीत दगावलेल्या गृहिणींच्या भरपाईचा हिशेब करताना सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली ३४ ते ५९ वयाच्या गृहिणींच्या कामाचं मोल महिना ३,००० रुपये धरलं. आज आकडा तुटपुंजा वाटेल, पण घरकामाला किंमत आहे हे कोर्टाने मानलं. हात प्लास्टरमध्ये असताना भाकऱ्या कुणी थापल्या, धुण्याभांड्याला बाई लावून किती पैसे गेले, तेही तक्रारीत मांडा.

आणि हो, मावशींवर ओरडण्याआधी मालकाला विचारा, ‘ओल्या फरशीची पाटी कुठे आहे?’