रविवार कोणाचा?

लग्नसराई जवळ आली की मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू घरांतून अलीकडे एक नवाच बेत शिजू लागतो. नवरदेवाचे आठ-दहा मित्र लग्नाच्या महिनाभर आधी एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी विमानाने गोव्याला उतरतात आणि रविवारी रात्री परततात. या सहलीला ‘बॅचलर पार्टी’ असे नाव आहे. मुक्काम हॉटेलात नसतो; आसगाव, शिवोली, हणजूण किंवा वागातोर येथील एखादा अख्खा बंगला पोहण्याच्या तलावासह घेतलेला असतो. स्वयंपाकी तिथेच हजर. एक संध्याकाळ मांडवीच्या पात्रात खाजगी नौकेवर, एक रात्र तरंगत्या जुगारघरात, दुसरी रात्र नाचगाण्याच्या क्लबात आगाऊ राखून ठेवलेल्या टेबलावर. हे सारे आखून देणाऱ्या कंपन्या आहेत. खर्चाची वाटणी मोबाइलवर क्षणात होते, आणि ज्या मित्राला आपला वाटा परवडत नाही तोही ‘नाही’ म्हणत नाही. तो हप्ते बांधून घेतो.

दहा तरुणांच्या दोन दिवसांच्या मौजेवर पक्षाच्या साप्ताहिकाने शाई खर्च करावी काय, असा प्रश्न कोणी विचारील. दोन दिवसांची मौज हा विषय क्षुल्लकच आहे. पण ती मौज ज्यांच्या श्रमावर आणि ज्यांच्या जमिनीवर उभी राहते त्यांचा विषय क्षुल्लक नाही.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. समाजवाद म्हणजे वैराग्य नव्हे. तरुणांनी मित्रांसह समुद्रावर जावे, गावे, नाचावे, रात्र जागवावी, यात आक्षेपार्ह काहीही नाही. आनंदाकडे कपाळावर आठ्या घालून पाहणारा कार्यकर्ता समाजवादाची सेवा करीत नाही, फक्त आपल्या वयाची जाहिरात करतो. चंगळवादाविरुद्धची आपली अनेक भाषणे याच दोषामुळे वाया गेली. ऐकणाऱ्याला वाटले, या मंडळींना दारिद्र्य संपवावयाचे नसून ते सर्वांना सारखे वाटावयाचे आहे. प्रश्न आनंद असावा की नसावा हा नाही. फुरसत कोणाला मिळते आणि तिची किंमत कोण मोजतो, हा आहे.

ज्या शनिवार-रविवारला आज ‘वीकएंड’ म्हणतात, त्यातला रविवार आकाशातून पडलेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामगाराला ठरलेली साप्ताहिक सुटी नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यात आठवड्याच्या सुटीची मागणी होती. सहा वर्षे ती लोंबकळत पडली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढे १९४६ साली, डॉ. आंबेडकर मजूरमंत्री असताना पुढे आलेल्या सुधारणेने, बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. संगणकाच्या कंपनीत काम करणारा तरुण शुक्रवारी संध्याकाळी ज्या मोकळ्या मनाने विमानात बसतो, त्या मोकळेपणाच्या मुळाशी सोनापूर-परळच्या चाळींतील माणसांचा घाम आहे. हे त्याला कोणी सांगितलेले नाही. तो दोष त्याच्यापेक्षा चळवळीचा अधिक.

आता त्या बंगल्याच्या मागच्या दाराशी जाऊ. ज्या दिवशी पाहुण्यांची सुटी, तोच दिवस तिथल्या वाढप्याच्या, आचाऱ्याच्या, झाडूवाल्याच्या, पहारेकऱ्याच्या सर्वाधिक कामाचा. हा व्यवसायच तसा आहे, असे उत्तर मिळते. रुग्णालये आणि रेल्वेही रविवारी चालतात, हे मान्य. पण रेल्वेच्या कामगाराला रविवारऐवजी दुसरा दिवस मिळतो आणि तो मिळाला नाही तर विचारणारी संघटना असते. किनाऱ्यावरील क्लबात आणि बंगल्यांत राबणारा मुलगा बहुधा झारखंड, उत्तराखंड, आसाम किंवा नेपाळातून आलेला असतो. तो ठेकेदाराच्या वहीत असतो, कधी त्या वहीतही नसतो. झोपतो कामाच्या जागीच. हंगाम संपला की नोकरी संपते. त्याची संघटना नाही, आणि तो गोव्याचा मतदार नसल्याने त्याचा आमदारही नाही.

याचा अर्थ काय होतो ते ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री दिसले. तो शनिवार होता. बार्देशातील हडफडे येथील एका नाइट क्लबात मध्यरात्रीच्या सुमारास आग लागली आणि पंचवीस माणसे मेली. त्यांतील पाच पर्यटक होते. वीस तिथले कामगार. पाहुणे वर होते, स्वयंपाकघर तळघरात होते, आणि तळघरातून बाहेर पडावयास धड वाट नव्हती. बहुतेक जण जळून नव्हे, धुराने गुदमरून गेले. या बांधकामाविरुद्ध पंचायतीने पाडकामाची नोटीस काढलेली होती आणि तिला वरच्या कार्यालयाची स्थगिती मिळालेली होती, हे नंतर उघड झाले. मृतांची ही विभागणी दैवाने केली असे म्हणता येणार नाही. वर कोण असावे आणि तळघरात कोण असावे हे ज्या व्यवस्थेने ठरविले, तिनेच ती केली.

या आगीच्या अवघे दोन आठवडे आधी, २१ नोव्हेंबर २०२५ रोजी, केंद्र सरकारने चार श्रमसंहिता लागू केल्या होत्या. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा १९७९ चा कायदा पाच स्थलांतरित कामगार असलेल्या आस्थापनेस लागू होत असे. नव्या संहितेत ही मर्यादा दहावर गेली. कंत्राटी कामगारांच्या १९७० च्या कायद्याची मर्यादा वीस होती. ती पन्नास झाली. आकडे कोरडे वाटतात. पण किनाऱ्यावरील बंगला, छोटे भोजनगृह, नौका यांत किती माणसे राबतात ते मनाशी मोजून पाहावे, म्हणजे त्यांतील किती जण या वाढलेल्या आकड्यांमुळे कायद्याच्या उंबऱ्याबाहेर राहिले ते कळेल. जुना कायदाही नीट पाळला जात नव्हता, हे खरे. परंतु न पाळलेला कायदा दाखवून लढता येते. नसलेला कायदा दाखविता येत नाही.

दुसरी किंमत जमिनीची आणि पाण्याची. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास. या एवढ्याशा राज्यात २०२४ साली एक कोटीहून अधिक पर्यटक आले. किनाऱ्याच्या गावांत शेत, खाजण, डोंगराचा उतार यांना बंगल्याची जमीन म्हणून जो भाव येतो, त्यापुढे भाताचे पीक टिकत नाही. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा मोकळा ठेवावा असे इंदिरा गांधींनी १९८१ साली किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना कळविले. १९९१ साली किनारा नियमनाची अधिसूचना निघाली. २०११ आणि २०१९ साली ती नव्याने लिहिली गेली. २०२४ साली गोव्याच्या नगरनियोजन कायद्यात ३९-अ हे कलम घालून एकेका भूखंडाचा वापर बदलून घेण्याची वाट करून देण्यात आली. दरम्यान ज्या गावात तलावासाठी टँकर येतो त्याच गावात उन्हाळ्यात बायका नळाखाली घागर लावून बसतात. सत्तरच्या दशकात यांत्रिक ट्रॉलरविरुद्ध उठलेले रांपणकार समुद्रावरील आपला हक्क मागत होते. आज त्यांच्या नातवंडांना किनाऱ्यावर होडी ओढून ठेवण्यापुरती जागा मागावी लागते.

यावर अर्थशास्त्राच्या नावाने एक युक्तिवाद हमखास पुढे येतो: श्रीमंताने खर्च केला तरच गरिबाला काम मिळते. युक्तिवाद जुना आहे. बर्नार्ड मँडेव्हिल याने १७१४ साली ‘मधमाश्यांच्या कथे’त तो मांडला, आणि त्यात अंशतः तथ्यही आहे. ज्या रात्री पर्यटक येत नाही त्या रात्री वाढप्याला टिप मिळत नाही. टॅक्सीवाल्याचा हप्ता थकतो. म्हणून पर्यटन बंद करा ही मागणी समाजवादी पक्षाची होऊ शकत नाही. पण खर्चातून रोजगार होतो एवढे म्हणून थांबणे म्हणजे निम्मे गणित सोडवणे. त्या खर्चातला किती भाग मजुरीत जातो? किती जमिनीच्या मालकाकडे, किती दूरवरच्या शहरात बसलेल्या गुंतवणूकदाराकडे, किती मोबाइलवरील दलालाकडे? आणि तेच भांडवल, तीच जमीन, तेच पाणी दुसरीकडे लागले असते तर किती हातांना, किती महिने, कोणत्या प्रतीचे काम मिळाले असते? हे प्रश्न न विचारणारे अर्थशास्त्र हॉटेलमालकाच्या हिशेबनिसाचे होय. डॉ. लोहियांनी ऑगस्ट १९६३ मध्ये लोकसभेत, या देशातील सत्तावीस कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात असे सांगून खळबळ उडविली. आकड्यावर वाद झाला. पण त्या वादातूनच उत्पन्नाबरोबर खर्चाच्या विषमतेकडे बोट दाखविले गेले, आणि व्यक्तिगत खर्चावर मर्यादा असावी ही मागणी लोहियांनी लावून धरली. आज ती हास्यास्पद ठरविली जाते. ती हास्यास्पद का वाटू लागली, याचाच विचार व्हावा.

या सहलीमागील कल्पनाही तपासण्याजोगी आहे. लग्न म्हणजे पुरुषाच्या स्वातंत्र्याचा शेवट, म्हणून त्याआधी एकदा मनसोक्त उधळून घ्यावे, अशी ती कल्पना. ज्या देशात लग्नानंतर नाव, घर, गाव आणि पुष्कळदा नोकरी बाई सोडते, तिथे स्वातंत्र्य गेल्याचा शोक पुरुषाने करावा, हा विनोद क्रूर आहे. सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रीचे दिवसाला २८९ मिनिटे बिनमोल घरकामात जातात, तर ते करणाऱ्या पुरुषाची ८८. नवरीनेही मैत्रिणींसह अशीच सहल काढली की समता झाली, असे समजणाऱ्यांनी हे आकडे जवळ ठेवावेत. सहलीची समता दोन दिवसांची; २८९ मिनिटे रोजची.

पूर्वी लग्नाआधी केळवण होत असे. आप्त, शेजारी, मित्र वधूला किंवा वराला घरी बोलावीत, जेवू घालीत, जमेल ती भेट देत. केळवणाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ते जातीच्या चौकटीतच होई आणि चुलीपाशी बाईच असे. पण त्यात यजमानाची ऐपत हा निकष नव्हता. पिठल्यावरही केळवण होत असे. आजच्या सोहळ्यात जो पैसे भरू शकत नाही तो मित्र उरत नाही. हळद, संगीत, लग्नापूर्वीचे छायाचित्रण आणि आता ही सहल, अशी पायरीवर पायरी चढत जाते आणि प्रत्येक पायरीवर खालचा वर्ग वरच्याची नक्कल कर्ज काढून करतो. थॉर्स्टीन व्हेब्लेनने १८९९ साली अमेरिकी धनिकांविषयी लिहिताना प्रतिष्ठेसाठीच्या उधळपट्टीचे जे वर्णन केले, ते आज तालुक्याच्या गावच्या मंगल कार्यालयातही लागू पडते.

मग कार्यकर्त्यांनी काय करावे? उपदेश करू नये. तीन कामे मात्र हाती घेता येतील. पहिले, पर्यटनस्थळी राबणाऱ्या परप्रांतीय कामगारांची नोंदणी, त्यांची संघटना आणि साप्ताहिक सुटी हा लढ्याचा विषय करणे. गोवा असो, अलिबाग असो वा मालवण, सहा दिवसांच्या कामानंतर एक दिवस विश्रांती हा हक्क कायद्यात आहे. तो वहीत उतरवून घ्यावा लागेल. दुसरे, बंगले आणि क्लब यांची अग्निसुरक्षा, पाणी आणि बांधकाम परवाने यांची तपासणी ग्रामसभेच्या अधिकारात आणण्याची मागणी करणे, आणि ग्रामसभेचा निर्णय वरच्या कार्यालयात गुपचूप गोठविला जाणार नाही याची तजवीज करणे. तिसरे काम घरचे आहे. सत्यशोधक आणि नोंदणी विवाहांची परंपरा सांगणाऱ्या किती कार्यकर्त्यांच्या घरची लग्ने तशी होतात, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी तपासावे. आपली लग्ने साधी होती, पण ती कंटाळवाणी असण्याची गरज नव्हती. गाणे, थट्टा, मित्रांचा मेळा यांना पैसे लागत नाहीत.

गोव्याच्या भूमीवर समाजवाद्यांचे एक जुने येणे आहे. १८ जून १९४६ रोजी डॉ. लोहिया मडगावच्या सभेत उभे राहिले ते नागरी स्वातंत्र्यासाठी. नानासाहेब गोरे, सेनापती बापट आणि मधु लिमये १९५५ साली सरहद्द ओलांडून गेले ते गोव्याच्या मुक्तीसाठी. गोरे आणि लिमये यांनी त्यापायी तिथला तुरुंग भोगला. १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज गेले. ती मुक्ती तळघरातल्या स्वयंपाकघरापर्यंत अजून पोहोचावयाची आहे.

मुंबईहून येणाऱ्या तरुणाने समुद्रावर जरूर जावे. त्याचा रविवार त्याच्याकडून कोणी काढून घेऊ नये. तो लोखंड्यांनी आणि गिरणी कामगारांनी मिळवून दिलेला आहे. पण ताट पुढे ठेवणाऱ्या मुलाला त्याने एवढे विचारावे, की बाबा, तुझी सुटी कोणत्या वारी असते? त्या मुलाला या प्रश्नाचे उत्तर देता आले पाहिजे. ते उत्तर त्याच्या तोंडी यावे यासाठी झटणे, हे पक्षाचे काम आहे.