बी बर्फात, शेतकरी वाऱ्यावर



उत्तर ध्रुवापासून सुमारे तेराशे किलोमीटरवर स्वालबार्ड नावाचा बेटांचा पुंजका आहे. तो नॉर्वे देशाच्या ताब्यात आहे. तिथं उभं झाड नाही. झुडपंसुद्धा जमिनीला चिकटून चार बोटं वाढतात. हिवाळ्यात महिनोन्‌महिने सूर्य उगवत नाही. अशा ठिकाणी २६ फेब्रुवारी २००८ रोजी जगातल्या पिकांच्या बियाण्याचं कोठार सुरू झालं. डोंगराच्या पोटात शंभर मीटरहून आत खोल्या कोरल्या आहेत आणि तिथं उणे १८ अंशाला बियाणं ठेवलं जातं. आज त्यात तेरा लाखांवर नमुने आहेत. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेनं ठेवलेली ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा आहे. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं ठेवलेले भात आहेत आणि त्यांत हिंदुस्थानातले पुष्कळ जुने वाण आहेत.

जिथं मूठभर धान्य पिकत नाही तिथं जगाची बियाणी सुरक्षित, आणि जिथं ती पिढ्यान्‌पिढ्या पिकली तिथल्या खाचरात प्लॉटचे दगड! हा विरोधाभास कुणी रचलेला नाही. तो समजून घेतला पाहिजे, कारण त्यात आपल्या कामाचा हिशेब दडला आहे.

बेगडेवाडीहून लोकलनं लोणावळ्याकडे निघालं की घोरावाडी, तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली अशी स्टेशनं लागतात. पावसाळ्यात रुळांच्या कडेनं जी भाताची खाचरं दिसतात त्यांत बहुतेक ठिकाणी एकच भात उभा असतो, इंद्रायणी. हा वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं दिला, १९८७ साली. मावळच्या शेतकऱ्याला त्यानं दोन पैसे मिळवून दिले. त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण त्याची सोयरीक पाहावी. एका बाजूला आपला आंबेमोहोर १५७, दुसऱ्या बाजूला १९६६ साली फिलिपिन्समधून आलेला आयआर ८. आयआर ८ चं बुटकं, न लोळणारं ताट आलं तैवान बेटावरच्या एका गावठी भाताकडून. त्याचा दुसरा पूर्वज इंडोनेशियाचा पेटा. आणि पेटाचा एक पूर्वज बंगालचा लाटीसाल! म्हणजे बंगालचं बी समुद्र ओलांडून बेटावर गेलं, तिथून दुसऱ्या बेटावर गेलं आणि मावळात येऊन आंबेमोहोराला मिळालं. वास आपल्या मातीचा, ताटाची ताकद परमुलखाची.

तैवानच्या ज्या शेतकऱ्यांनी तो बुटका भात पिढ्यान्‌पिढ्या राखला, त्यांनी तो सोडून दिला असता तर? इंद्रायणी झालीच नसती. वाणांची विविधता म्हणजे काय, ते या एका उदाहरणात आलं. उद्या कोणता गुण लागेल ते आज कुणालाच ठाऊक नसतं.

याचा दुसरा दाखला. १९७० च्या सुमारास आग्नेय आशियात भाताची रोपं गवतासारखी खुरटवून टाकणारा विषाणू आला. फिलिपिन्सच्या संस्थेनं सहा हजारांहून जास्त वाण तपासले. रोगाला दाद न देणारा निघाला एकच, उत्तर प्रदेशातून नेलेला रानभात. बांधाकडेला, डबक्यात आपोआप उगवणारा, गवत म्हणून आपण उपटून टाकतो तसला. त्याचा गुण घेऊन नवे वाण झाले आणि कोट्यवधी लोकांचा भात वाचला.

आणि एकाच वाणावर विसंबल्याचा दाखला आयर्लंडचा. त्या बेटावरची गरीब जनता मुख्यतः एकाच जातीच्या बटाट्यावर जगत होती. १८४५ साली करपा आला. सगळी रोपं एकाच रक्ताची, त्यामुळे सगळी एकदमच बळी पडली. पुढच्या काही वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, तितकीच देश सोडून गेली. त्याच वेळी आयर्लंडमधून धान्य बाहेर जात होतं, हेही विसरू नये. रोगानं बटाटा मारला. माणसं मारली ती राज्यकर्त्यांच्या धोरणानं.

मग बर्फातलं कोठार आहे, चिंता कशाला, असं कुणी म्हणेल. कोठाराचा उपयोग आहे, हे मान्य केलं पाहिजे. सीरियात यादवी पेटली आणि अलेप्पोजवळची बियाण्याची पेढी चालवणं अशक्य झालं. तेव्हा २०१५ साली त्या संस्थेनं स्वालबार्डमधून आपलं बियाणं परत काढलं, लेबनॉन आणि मोरोक्कोत पेरून वाढवलं आणि २०१७ साली पुन्हा नेऊन ठेवायला सुरुवात केली. पण यातच कोठाराची मर्यादाही दिसते. बी कितीही थंडीत ठेवलं तरी त्याची उगवण हळूहळू घटते. केव्हा ना केव्हा ते मातीत टाकावंच लागतं. पेढीला शेवटी शेत लागतं आणि शेताला शेतकरी लागतो. शिवाय बर्फात बी असतं तिथंच थांबतं. मावळातला पाऊस लांबला, करप्यानं नवं रूप घेतलं, तुडतुडे वाढले, तर त्याची खबर डब्यातल्या बियाण्याला नसते. ती खाचरातल्या बियाण्याला असते. आणि २०१६ च्या अखेरीस उष्मा वाढून त्या कोठाराच्या बोगद्याच्या तोंडाशीच पाणी शिरलं होतं. बियाण्याला इजा झाली नाही, पण ज्या गोठलेल्या जमिनीच्या भरवशावर कोठार बांधलं ती जमीनसुद्धा कायमची नाही, एवढं कळलं.

स्वालबार्डवर आपोआप उगवणाऱ्या झाडोऱ्याची गोष्ट तर आणखी बोधाची आहे. हिमयुगात तिथं बर्फाचे थर होते. मग आज आहेत त्या वनस्पती आल्या कुठून? नॉर्वेतल्या शास्त्रज्ञांनी नऊ जातींची चार हजारांवर रोपं तपासली आणि २००७ साली निष्कर्ष जाहीर केला. वाऱ्यानं, समुद्रातल्या बर्फावरून, पक्ष्यांबरोबर बी शेकडो कोस दूरवरून, रशिया आणि ग्रीनलंडकडून, पुनःपुन्हा येत राहिलं. बी पोचण्याची अडचण नव्हती. अडचण होती रुजण्याची. ज्या जातीला तिथली थंडी मानवली, तिची पुष्कळ रोपं जगली आणि तिच्यात विविधता टिकली. जिला मानवली नाही, तिची मोजकी रोपं तगली आणि त्या जातीचं रक्त पातळ झालं.

भावांनो, मावळातही तेच आहे. आंबेमोहोर, रायभोग, काळभात, कमोद ही नावं सह्याद्रीच्या पट्ट्यातून कमी होत गेली ती बियाणं मिळेना म्हणून नव्हे. त्यांना रुजायला हवा मानवेना म्हणून; आणि ही हवा बाजाराची. आंबेमोहोर उंच वाढतो, वाऱ्यापावसात लोळतो, उतारा इंद्रायणीपेक्षा बराच कमी देतो. नांगरणी, चिखलणी, लावणी, काढणी यांची मजुरी मात्र दोन्हीला सारखीच. २०१६ साली आंबेमोहोराला भौगोलिक मानांकन मिळालं, पण पुण्याच्या बाजारात आंबेमोहोर म्हणून विकला जाणारा सगळाच तांदूळ मावळ-मुळशीचा नसतो. नाव आमचं, पैसा भलत्याचा. अशा हिशेबात शेतकऱ्यानं जुना वाण सोडला तर त्यानं गुन्हा केला नाही. संसार चालवला. जुन्या बियाण्याची महती सांगणारे शहरातले पाहुणे येतात, फोटो काढतात आणि शेतकऱ्याला उपदेश करून जातात. शेतकरी काही वस्तुसंग्रहालयाचा बिनपगारी पहारेकरी नाही.

अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी घरच्या अंगणात गावठी वाणांची बँक उभी केली. सरकारनं त्यांना पद्मश्री दिली, त्याचा आनंद आहे. पण एका बाईचा सन्मान झाला म्हणजे हजार बायांच्या गाडग्या-मडक्यांतल्या बियाण्याचा हिशेब चुकता झाला, असं होत नाही.

हिशेब मागायला कायद्याची वाट आहे. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याच्या ३९ व्या कलमानं शेतकऱ्याला बियाणं राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. संरक्षित वाण कंपनीच्या छापाच्या पिशवीत घालून विकायचा नाही, एवढीच अट. शेतकऱ्यांना आपला वाण आपल्या नावानं नोंदवता येतो. गावानं राखलेल्या वाणापासून नवा वाण निघाला तर त्या गावाला मोबदला मागता येतो आणि त्यासाठी राष्ट्रीय जनुक निधीची तरतूद आहे. कायदा कागदावर झोपला आहे. त्याला उठवायचं काम आपलं.

म्हणून जिल्ह्याच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवाव्यात. पहिली, प्रत्येक गावानं आपल्या शिवारात आजही पेरल्या जाणाऱ्या भात, नाचणी, वरईच्या वाणांची यादी करावी. नाव, कुणाकडे आहे, गुण काय, दोष काय, सगळं लिहावं. ही माहिती म्हाताऱ्या बायांकडे आहे. त्यांना बैठकीला आणावं. दुसरी, मावळातून गोळा केलेले जे वाण संशोधन केंद्रांत आणि दिल्लीच्या राष्ट्रीय पेढीत आहेत, त्यांचं बी पेरायला परत मागावं. तिसरी, जुना वाण राखणाऱ्या शेतकऱ्याला उताऱ्यातल्या तोट्याइतकी भरपाई दर हंगामाला मिळावी, अशी मागणी लेखी करावी. विविधता साऱ्या जगाला हवी असेल तर तिचा खर्च एकट्या मावळ्यानं का सोसावा?

नॉर्वेच्या सरकारनं डोंगर कोरायला पैसे काढले, तेव्हा कुणी त्याला दान म्हटलं नाही, जगाचा विमा म्हटलं. तोच विमा आपले आजे-पणजे बिनहप्त्याचा चालवत आले. येत्या लावणीला कुणी चार गुंठ्यांत आंबेमोहोर लावला, तर त्याचा हप्ता भरणारा कुणी आहे का, हे आपण विचारायला शिकलं पाहिजे.