चरक जोरात फिरवला म्हणून रस वाढत नाही



उसाचं बिल येतं तेव्हा येतं; घरखर्च चालतो तो दुधावर. म्हणून म्हशीनं पान्हा चोरला की घरधनी कासावीस होतो. त्यातच पारडू दगावलं तर विचारूच नका. अशा वेळी कोणीतरी बिनचिठ्ठीची बाटली पुढं करतो, "एक सुई टोचा, भांडं भरतं की नाही पाहा!"

भांडं भरतं, हे खोटं नाही. पण का भरतं? त्या सुईत ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक असतं. पारडू कासेला ढुसण्या देतं तेव्हा हेच संप्रेरक म्हशीच्या अंगात आपोआप सुटतं आणि कासेतलं दूध सडात उतरतं. त्याचा अंमल काही मिनिटांचा. म्हणजे सुई दूध तयार करीत नाही, तयार असलेलं बाहेर काढते. चरक जोरात फिरवला म्हणून उसात रस वाढतो काय? उलट रोजच्या सुईची सवय लागली की जनावर तिच्यावाचून पान्हवत नाही.

औषध वाईट नाही. बाळंतपणात बाईचा रक्तस्राव थांबवायला ते लागतं. २०१८ साली केंद्र सरकारने खाजगी कंपन्यांना त्याच्या उत्पादनास बंदी केली. ती दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरात रद्द केली. म्हणून गोठ्यात मोकळीक झाली असं नव्हे. दुधासाठी जनावराला अपाय करणारी सुई टोचणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. त्यात शिक्षा आहे, जनावरही सरकारजमा होतं.

दूध खरोखर वाढवणारं दुसरं एक संप्रेरक अमेरिकेने १९९३ मध्ये मंजूर केलं. तेही टोचावंच लागतं. खाद्यात घातलं तर पोटात पचून जातं. शिवाय वाढीव दुधाला वाढीव खुराक लागतोच. गाईंना कासदाह व लंगडेपणाचा धोका दिसल्यामुळे कॅनडाने ते १९९९ मध्ये नाकारलं.

मग करायचं काय? आपण जनावरापुढं नुसते उसाचे वाढे टाकतो. वाढ्यातल्या ऑक्झॅलेटमुळे अंगातला चुना कमी पडतो. वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडा, जोडीला कडबा व लसूणघास द्या. मलकापूर हा कापसाचा मुलूख, सरकीची ढेप दारात आहे. पोटापुरता किलो-दीड किलो खुराक, शिवाय म्हशीच्या दर दोन लिटर दुधामागे एक किलो, रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि पोटभर पाणी, एवढं पाळा. पारडू नसेल तर ठरल्या वेळी, ठरल्या माणसाने, कोमट पाण्याने कास धुऊन, पुढं ढेप ठेवून धार काढावी. चार-आठ दिवस दूध कमी येईल, धीर धरा. तरीही पान्हा आला नाही तर जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा.

सुईवाल्याला दिलेला पैसा ढेपेवर घाला. आज पारडू गेलं. उद्या सुईपायी म्हैसही हातची जाऊ नये, एवढंच मागणं.