डोहाळजेवणाआधी विहिरीचं पाणी तपासा

चिंचवड, भोसरी, चाकणच्या कामगार बंधू-भगिनींनो,

आपल्यातले कितीतरी जण नांदेड, बीड, बुलढाणा, यवतमाळहून इथल्या कंपन्यांत आले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून लेकी-सुना आजही गावी जातात. तिकीट काढण्याआधी हे वाचा.

केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालानुसार, महाराष्ट्रातल्या भूजलाच्या तीनपैकी एका नमुन्यात नायट्रेट मर्यादेबाहेर आहे. मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅमची. देशातल्या सर्वाधिक बाधित 15 जिल्ह्यांत वरचे चारही आहेत. वर्धा, अमरावती, जळगावही आहेत.

हे नायट्रेट येतं जास्तीच्या युरियातून, उकिरड्यातून, शोषखड्ड्यांतून. माती ते धरून ठेवत नाही. पावसाबरोबर ते विहिरीत उतरतं. पिकाने न घेतलेलं एक किलो नत्र पाण्यात गेलं, तर सुमारे एक लाख लिटर पाणी मर्यादेला टेकतं. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत वीस किलोंवर नत्र असतं!

सर्वांत मोठा धोका सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला. त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते. ओठ, नखं निळसर पडतात. असं दिसलं तर घरगुती उपाय नकोत, तडक दवाखाना गाठा.

पाणी नितळ दिसतं, चवीलाही कळत नाही. उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटतं आणि त्याचं प्रमाण वाढतं. तुरटी, क्लोरीन, कँडलचा फिल्टर यांनीही ते निघत नाही.

म्हणून एवढं कराच:

• गावच्या ग्रामपंचायतीला सांगून विहिरीचा, बोअरचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा. नायट्रेटचा आकडा लेखी मागा.

• आकडा 45 च्या वर असेल, तर ते पाणी बाळाच्या घुटीला, वरच्या दुधाला वापरू नका. पहिले सहा महिने बाळाला आईचं दूध पुरे. वरचं पाणीही नको.

• इथेही गाफील राहू नका. चिंचवड-भोसरीत 2019 पासून महापालिकेचं पाणी दिवसाआड येतं. मधली गरज बोअर आणि टँकर भागवतात. सोसायटीची बोअर तपासून घ्या. टँकरवाल्याला विहीर कुठली ते विचारा.

• गावाकडे शेती करणाऱ्या भावाला सांगा: आधी माती तपास, मग युरिया टाक, तोही एकदम नको, हप्त्याहप्त्याने.

सातवा महिना लागला की आपण डोहाळजेवणाची तारीख धरतो. त्याआधी विहिरीचं बाटलीभर पाणी तपासायला द्या.