बादलीभर ऊन पाणी

वार्षिक अंकात लिहायचे म्हणजे पहिला पाऊस, पहिले प्रेम किंवा देशापुढील समस्या यांपैकीच काही असावे, असा आपल्याकडे एक समज आहे. मी मात्र आंघोळीच्या गरम पाण्यावर लिहिणार आहे. विषय क्षुल्लक वाटला तरी पान उलटण्याची घाई करू नये, एवढीच विनंती.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. आई-वडील दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जातात आणि उन्हाळा लागला की परततात. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत गावचे घर बंद होते. माझा मावसभाऊ एका कॅरॅव्हॅनवर ड्रायव्हर आहे. कॅरॅव्हॅन म्हणजे चाकावरचे घर. आत झोपायचे बाक, ओटा, लहानसे न्हाणीघर, छपरावर पाण्याची टाकी. पुण्या-मुंबईचे लोक ती दोन-तीन दिवसांसाठी भाड्याने घेतात. दादा म्हणाला, “घरी बसून काय करतोस? चल माझ्यासंगं. झाडलोट कर, पाण्याचं बघ.” तीन आठवडे मी ‘पाण्याचे बघण्याची’ नोकरी केली आणि गरम पाण्याविषयी एकोणीस वर्षांत जे कळले नव्हते ते या तीन आठवड्यांत कळले.

गाडीत पंधरा लिटरचा विजेचा गिझर होता. पहिल्याच दिवशी दादाने मला धडा दिला. गिझरचे बटण दाबण्याआधी गरम पाण्याचा नळ उघडायचा. नळ फुसफुसला, थुंकल्यासारखे पाणी आले, तर टाकीत हवा आहे असे समजायचे. अखंड धार लागली की मगच बटण. टाकी रिकामी असताना बटण दाबले तर आतली कॉइल कोरडीच तापते आणि काही क्षणांत जळते. दुसरा धडा सेफ्टी व्हॉल्व्हचा. पाणी तापले की फुगते, दाब वाढतो. तो दाब बाहेर टाकणारी ही लहानशी वाट कधीही बुजवायची नाही, थेंब गळतात म्हणून चिंधी तर मुळीच बांधायची नाही. तिसरा धडा असा की टाकी रिकामी करायची ती पाणी निवल्यावर आणि पंप बंद करून.

अमेरिकेत अशा गाड्या सर्रास दिसतात. तेथे पाणी तापवायला बहुधा गॅस असतो. टाकी साधारण तेवीस लिटरची. तिच्या पोटातून एक नळी जाते, नळीत गॅसची ज्योत आणि भोवती पाणी. हे वाचल्यावर मला हसू आले. हा तर आपला बंबच की! फरक एवढाच की आपला बंब उभा, त्यांचा आडवा. पोलादी टाकी गंजू नये म्हणून तिच्यात मॅग्नेशियमची एक कांडी घालून ठेवतात. गंज ती कांडी स्वतःवर घेते, झिजत जाते आणि टाकी वाचते. कांडी संपत आली की बदलायची. त्या कांडीविषयी वाचताना मला घरातले कोण आठवले, हे पुढे कळेलच.

आता थोडा हिशेब. मी कला शाखेचा विद्यार्थी, पण विज्ञान शाखेतल्या एका मित्राला बसवून हा हिशेब करून घेतला आहे. पंधरा लिटर पाणी २० अंशांवरून ५५ अंशांवर नेले आणि त्यात गार पाणी मिसळून अंगाला सोसेल असे ४० अंशांचे केले, तर एकूण सव्वीस लिटर पाणी होते. म्हणजे दीड बादली. शॉवरमधून मिनिटाला आठ लिटर पाणी पडते असे धरले, तर ही सगळी संपत्ती सव्वातीन मिनिटांत मोरीतून वाहून जाते. पुन्हा टाकी तापायला दोन हजार वॉटच्या कॉइलला अठरा-वीस मिनिटे लागतात. बाहेरची वीज गेली आणि गाडीच्या बॅटरीवर पाणी तापवायचे ठरवले, तर बारा व्होल्टची, दोनशे अँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी त्यात सुमारे २.४ युनिट वीज असते. त्यातली निम्मीच वापरावी, नाहीतर बॅटरीचे आयुष्य घटते. एकदा गिझर तापवायला ०.६ युनिटहून जास्त वीज जाते. दोन आंघोळी झाल्या की रात्रीचे दिवे आणि पंखे यांच्या नावाने शंख करायचा.

भंडारदऱ्याला धरणाच्या काठी आमची गाडी उभी होती. पाचजणांची एक तरुण मंडळी होती. मी सकाळीच नम्रपणे सांगितले, “साहेब, अंग ओलं करून नळ बंद करा, साबण लावून झाल्यावर परत सोडा. प्रत्येकाच्या मधे वीस मिनिटं जाऊ द्या.” बोटीवरचे खलाशी अशीच आंघोळ करतात, हेही सांगितले. पहिले साहेब आत गेले आणि गाणे म्हणत राहिले. दुसरे लगेच त्यांच्यामागे आत शिरले. ते अंगभर साबण लावून ओरडले, “अरे, पाणी गार येतंय! कोण आहे रे बाहेर?” बाहेर मी होतो. मी वीस मिनिटांचा हिशेब सांगितला, तर म्हणाले, “आम्ही पैसे हिशेब ऐकायला दिलेत का?”

त्यांना खूश करायच्या घाईत मी पंप बंद आहे हे न पाहता गिझरचे बटण दाबले. कॉइल जळाली. चूक माझीच होती. मालकांनी पैसे कापले, त्याबद्दलही माझी तक्रार नाही. पण अजून दोन दिवस काढायचे होते. शेवटी दादाने तीन दगड मांडले, शेजारच्या शेतकऱ्याकडून एक मोठे भगुने आणले आणि मला म्हणाला, “घे, तुला काय नवीन आहे? लहानपणापासून बघितलंय.”

बघितले होते, हे खरे. पण विस्तव मला पेटवता येईना! लाकूड धुमसायचे, डोळ्यांतून पाणी यायचे, विस्तव विझायचा. तेव्हा ध्यानात आले की मी आयुष्यभर तीन दगडांच्या चुलीसमोर बसलो, पण शेकायला; पेटवायला कधीच नाही. अड्ड्यावर असताना पहिले गरम पाणी वडिलांना, दुसरे मला. आई पहाटे साडेतीनला उठून ते तापवत असे. ती स्वतः कशाने आंघोळ करते, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

माझ्या धुरकट चुलीवर पाणी कसेबसे तापले आणि आश्चर्य असे की मंडळी खूश झाली. “काय मस्त वास येतोय पाण्याला! हे खरं कॅम्पिंग!” म्हणून त्यांनी चुलीचे आणि भगुन्याचे फोटो काढले. माझाही काढला. मी हसलोसुद्धा. त्यांचा मला राग नाही. दोन दिवस धुराचे पाणी घेणे ही मौजच आहे. सहा महिने तेच करावे लागले तर तिला मौज म्हणत नाहीत, एवढेच माझे म्हणणे आहे.

ज्या पाण्याकाठी आम्ही उभे होतो ते भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले. त्याचे पाणी प्रवरा नदीने खाली जाते आणि तिथल्या कालव्यांवर ऊस उभा राहतो. उसासाठी माणसे येतात, त्यांतली कितीतरी आमच्या भागातली. म्हणजे वर सहलीचे घर आणि खाली पोटाचे घर. दोन्ही चाकांवर चालणारी, दोन्ही तात्पुरती, पाणी एकच. माझे आई-वडील या पट्ट्यात जात नाहीत, दुसऱ्या जिल्ह्यात जातात. पण कोपी सगळीकडे सारखीच. बांबूच्या कामट्या, वर पाचट नाहीतर ताडपत्री, दाराशी तीन दगड. न्हाणीघर म्हणजे चार काठ्यांना गुंडाळलेले जुने लुगडे. म्हणूनच बायका उजाडायच्या आत, अंधारात आंघोळ उरकतात.

२०२१ साली आपल्या राज्य शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. सहलीच्या गाड्या उभ्या करण्याच्या जागी पाणी, वीज, स्वच्छतागृह असावे, असा विचार त्यात आहे. चांगलेच आहे. पर्यटन वाढावे, माझ्या मावसभावासारख्यांना काम मिळावे. पण दोन दिवसांच्या मुक्कामाला जी सोय आवश्यक ठरते, ती पाच-सहा महिन्यांच्या मुक्कामाला अनावश्यक कशी ठरते? टायरगाडी हीसुद्धा चाकांवरची गाडी आहे, आणि तिच्यावर एक अख्खा संसार असतो.

कोणी म्हणेल, “त्या लोकांना सवय असते.” हे वाक्य मी आपल्याच कॉलेजच्या कँटीनमध्ये ऐकले आहे. डिसेंबरातल्या पहाटे गार पाणी अंगावर घेण्याची सवय कुणालाच नसते. नाइलाजाला दुरून पाहणारे सवय म्हणतात. कोणी म्हणेल, “भाकरीचा प्रश्न आधी, गरम पाणी ही चैन.” त्यांनी दिवसभर उसाच्या पाल्याने कापलेले अंग घेऊन, कुसळांची खाज सोशीत एक आठवडा काढावा आणि मग ठरवावे. शिवाय ही चैन फुकट येत नाहीच. एक बादली पाणी तीन दगडांवर तापवायला पाऊण ते एक किलो लाकूड जाते, कारण निम्म्याहून कितीतरी जास्त उष्णता वाऱ्यावर जाते. ते लाकूड दिवसभर ऊस तोडून आलेल्या बाईलाच गोळा करावे लागते.

मग करावे काय? नुसते हळहळून उपयोग नाही, म्हणून माझ्या अल्पमतीप्रमाणे सुचवतो. बैलगाडीवाल्यांचे अड्डे बहुधा कारखान्याजवळ असतात. उसाच्या वजनात सुमारे सत्तर टक्के पाणीच असते. साखर करताना ते वाफेच्या जोरावर आटवले जाते, आणि त्या वाफेचे पुन्हा गरम पाणी होते. म्हणजे कारखान्यात उष्णतेला तोटा नाही. तिच्यावर साधे पाणी तापवून एक नळ अड्ड्यापर्यंत आणणे अशक्य आहे काय? शंभर कुटुंबांना रोज चाळीस-चाळीस लिटर दिले तरी चार हजार लिटर होतात. जे कारखाने चंद्रावरून पाणी आणावे इतक्या हिकमतीने कालवे आणि उपसा योजना आणू शकले, त्यांना हे जड नाही. ज्या टोळ्या दूर शेताशेजारी उतरतात, त्यांच्यासाठी दहा कोप्यांमागे एक-दोन चांगले बंब आणि पत्र्याची आडोसा असलेली न्हाणी करावी. बंबात विस्तव पाण्याच्या पोटात असतो, म्हणून लाकूड कमी लागते. खर्च मुकादमाच्या माथी मारू नये. तो अखेर आमच्या उचलीतूनच कापला जाईल.

आणि आपण विद्यार्थ्यांनी? वसतिगृहातल्या मित्रांनो, सकाळी गिझरखाली दुसरी बादली भरताना मागच्या रांगेकडे एकदा पाहावे. घरी गेल्यावर आपले पाणी कोण तापवते आणि ती व्यक्ती स्वतः कितव्या नंबराला आंघोळ करते, हे विचारावे. उत्तर मिळाल्यावर निबंध लिहू नये. उद्याचे पाणी आपण तापवावे.

या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी गाडीवर गेलो नाही, आई-वडिलांच्या अड्ड्यावर गेलो. तीन वाजता उठलो. भंडारदऱ्याला शिकलो होतो, तरीही धूर फार झाला. आई जागी झाली, म्हणाली, “आरं, तुझ्यानं नाही व्हायचं, सरक.” मी सरकलो नाही. पहिले भगुने तापले ते तिच्यापुढे ठेवले. ती म्हणाली, “तुझ्या बापाला दे आधी.” वडील कोपीतूनच बोलले, “घे तू. मी थांबतो.”

तेवढ्यात मुकादमाची हाक आली आणि टोळी फडाकडे निघाली. वडिलांचे पाणी त्या दिवशी तसेच चुलीवर राहिले.

— एक विद्यार्थी, द्वितीय वर्ष कला