गळा बाजूला ठेवून

२०२३ च्या उन्हाळी सुट्टीत मी सुरतेजवळ इच्छापोरला आत्याकडे होतो. रात्रीचे दहा वाजले, की शेजारच्या दोन-तीन गुजराती बायका आत्याच्या घरी जमत आणि दूरदर्शन संचावर ‘अनुपमा’ सुरू होई. त्यातला वनराज शाह नावाचा नवरा दिसला, की त्याच्या नावाने बोटे मोडली जात. (आपल्या ‘आई कुठे काय करते’मधल्या अनिरुद्ध देशमुखाचाच हा भाऊ. दोन्ही मालिकांचे मूळ बंगाली ‘श्रीमयी’त आहे.) मी एकदा सहज म्हणालो, “हा पूर्वी गाणी म्हणत असे.” कोणाला ते खरे वाटेना. आत्या म्हणाली, “काहीतरीच काय सांगतोस!”

पण ते खरे आहे. सुधांशु पांडे हा ‘अ बँड ऑफ बॉईज’ या पाच तरुण गायकांच्या संचातला एक. आशा भोसले यांचा नातू चैतन्य ऊर्फ चिंटू भोसले हाही त्या पाचांत होता. पांडे तत्पूर्वी, २००० साली, ‘खिलाडी ४२०’मध्ये चमकून गेला होता. पुढे ‘सिंग इज किंग’, ‘बिल्ला २’, ‘२.०’ अशा चित्रपटांत दुय्यम कामे मिळाली. घरोघर नाव झाले ते २०२० पासून, आणि तेही वनराजचे! २०२४ मध्ये त्याने ती मालिका सोडली.

याला यश म्हणायला माझी हरकत नाही. पण या यशात त्याच्या गळ्याचा वाटा किती?

सुरतेहून दोन-अडीच तासांवरच्या बडोद्यात भाऊराव कोल्हटकर कचेरीत नोकरी करीत होते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी (हे आपल्याच बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे) त्यांना १८८२ साली नाटक मंडळीत आणले ते केवळ आवाजासाठी. ‘सौभद्रा’तली सुभद्रा त्या आवाजावर उभी राहिली. गळ्यानेच त्यांना नट केले. १९३५ च्या ‘धूपछाँव’पासून हिंदी पडद्यावर पार्श्वगायन रूढ होत गेले आणि गाणारा एक, दिसणारा दुसरा अशी वाटणी झाली. किशोरकुमारसारखे अपवाद थोडेच. त्यामुळे गाता येणे हा नटाचा गुण न राहता जुना छंद ठरला.

कोणी म्हणेल, ‘वन डायरेक्शन’चा हॅरी स्टाइल्स तरी ‘डंकर्क’मध्ये कुठे गायला? कबूल. पण त्याच्या गाण्याच्या मैफली चालूच राहिल्या आणि लोक त्याला गायक म्हणूनच ओळखत राहिले. पांडे आजही गात असेल. माझी तक्रार त्याच्याविषयी नाही, आपल्याविषयी आहे. आपल्या गॅदरिंगमध्ये गाणारा मुलगा एकांकिकेत उतरला, की “आता गाणेबिणे सोड, अभिनयाकडे लक्ष दे” असे त्याला हमखास ऐकवले जाते. मलाही ऐकवले गेले, आणि मी मुकाट्याने ते मानले.

दुसऱ्या रात्री मी मोबाईलवर त्या पाचांचे एक जुने गाणे लावले. बायकांनी ते शांतपणे ऐकले. एकीने विचारले, “आमां एनो अवाज कयो?” यात त्याचा आवाज कोणता? मला सांगता आले नाही. तेवढ्यात दहा वाजले.